शेल्फवर नसलेले पाच ब्राउझर

४ मार्च

चि. भिंगरीस आशीर्वाद.

पत्र हातात धरून तू एका जागी बसशील अशी माझी अपेक्षा नाही, तेव्हा उभ्याउभ्या वाच. पण शेवटपर्यंत वाच. फोनवर तू "हो मावशी, हो मावशी" म्हणतोस आणि तिसऱ्या "हो"ला पसार झालेला असतोस. शिवाय जे विचारायचंय ते कागदावर असल्याशिवाय माझ्या डोक्यात राहणार नाही.

वाचनालयाच्या मागच्या खोलीतला कॉम्प्युटर आठवतो ना? शाळा बुडवून तू ज्याच्यासमोर बसायचास तोच. सातवीनंतरचं तुझं सगळं शिक्षण त्या खुर्चीत झालं, म्हणून विचारते. गेल्या महिन्यापासून तो पानंच उघडेना. कुठेही जावं तर उत्तर येतं, "तुमचा ब्राउझर जुना आहे, नवा घ्या." नवा घ्यायला जावं तर नवा म्हणतो, "तुमची सिस्टिम जुनी आहे." सासू सुनेवर ढकलते, सून सासूवर, आणि मधल्यामध्ये वाढायला कोणीच उठत नाही. ईमेलचंही पान उघडत नाही, म्हणून हा लिफाफा.

आता खरी गोष्ट. आपले नवे चिटणीस मोठे नीटनेटके गृहस्थ. त्यांनी कॉम्प्युटर निर्लेखनाच्या यादीत घातलाय, म्हणजे साध्या भाषेत भंगारात. दहा मेच्या सभेत मंजुरी. वाचनालय दुपारी उघडं असतं ते या कॉम्प्युटरपायी. तो गेला की दुपार बंद, आणि दुपार बंद म्हणजे मी बंद. सकाळच्या पाळीला दुसरी बाई आहे. एकवीस वर्षं मी ही दुपार उघडतेय रे.

तू काय, कॉम्प्युटरच्या कंपनीत आहेस. तर मला सांग, हा ब्राउझर म्हणजे नेमकं काय? एकच असतो की पुष्कळ? झेरॉक्सवाला म्हणतो, "मावशी, सगळे वापरतात तो वापरायचा, डोकं लावायचं नाही." पुस्तकांच्या बाबतीत मी असलं कधी ऐकून घेतलं नाही, मग इथे का घेऊ?

तुझी मावशी

१३ मार्च

मावशी, नमस्कार. साष्टांग मनातल्या मनात घातला, इथे जागा कमी आहे.

कोरा कागद मिळाला नाही. मागे छापलंय ते ऑफिसचं काहीतरी आहे, तिकडे बघू नकोस.

तुझं पत्र तीनदा वाचलं. दोनदा चालता चालता आणि एकदा चक्क बसून.

ब्राउझर म्हणजे काय? मावशी, ब्राउझर म्हणजे तू. वाचक खिडकीशी येतो, पुस्तकाचं नाव सांगतो. तू आत कोठीत जातेस, शोधतेस, धूळ झटकतेस आणि त्याच्यापुढे ठेवतेस. पुस्तक काही तू लिहिलेलं नसतं, पण तू नसलीस तर तो खिडकीशी उभाच. एवढंच काम ब्राउझरचं. फरक पडतो तो आणायच्या तऱ्हेत. एक जण धावत आणतो. दुसरा आणता आणता पुस्तकात कोंबलेल्या जाहिराती वाटेतच काढून टाकतो. तिसरा, कोण काय वाचतं ते वहीत टिपून ठेवतो, आणि चौथा काम झालं की वहीच जाळून टाकतो.

मी इथे टेस्टिंगला आहे, सांगितलंच होतं. रोज वीस-पंचवीस यंत्रं हातातून जातात. तुझं पत्र आलं त्या दिवसापासून प्रत्येकावर कुठली चिन्हं आहेत ते मोजायला लागलो. काल शंभर पुरी झाली. नव्वदच्या वर यंत्रांवर क्रोमची रंगीत चकती. एजची निळी-हिरवी लाट पण खूप, ती यंत्राबरोबरच येते. फायरफॉक्सचा कोल्हा एकोणीस ठिकाणी. ऑपेराचं लाल कडं सहा, ब्रेव्हचा सिंह तीन. आणि एकावर विवाल्डी नावाचा निघाला, मी जन्मात ऐकला नव्हता. त्यात उघडलेल्या पानांचे गठ्ठे बांधता येतात, कडेला टिपणं लिहिता येतात. शंभर कप्प्यांचं कपाट. तुला आवडेल, मी त्यात हरवेन.

आता गंमत ऐक. साहेबांना विचारलं, "यातला सगळ्यात चांगला कुठला?" ते हसायला लागले. म्हणाले, "अरे, क्रोम, एज, ऑपेरा, ब्रेव्ह, विवाल्डी, सगळ्यांच्या आत इंजिन एकाच जातीचं. घोडा एक, झुली निराळ्या."

मी म्हटलं, "आणि कोल्हा?"

"कोल्ह्याचा घोडा स्वतःचा."

"आणि ते होकायंत्राचं चित्र, सफारी?"

"त्याचाही स्वतःचा. आणि आयफोनवर तर वर नाव कुठलंही लिहिलेलं असू दे, आत जवळजवळ सगळीकडे सफारीचाच घोडा."

मावशी, मी दोन दिवस चक्रावलो होतो. म्हणजे बाजारात पन्नास गाड्या दिसतात आणि तबेल्यात घोडे मोजून तीन-चार! मग मी फोनची खोकी काढली. अँड्रॉइड फोनवरच्या कोल्ह्याला जाहिराती अडवणारी जोडणी लावता येते, ती लावली. डकडकगो म्हणून एक आहे, त्यात ज्वालेचं बटण असतं. दाबलं की कुठे फिरलो, काय बघितलं, सगळं साफ. मी अकरा वेळा दाबलं. काही कारण नव्हतं, बघायला मजा येते.

पण हे सगळे तगडे गडी. आपल्या म्हाताऱ्याला पेलतील का? नाकापेक्षा मोती जड व्हायचा. तू असं कर, "माझा कॉम्प्युटर"वर उजवी टिचकी मार, सर्वांत खालचं उघड, मेमरी किती ते लिहून पाठव. आणि त्याच्यासमोर कोण कोण बसतं आणि काय बघतं तेही. माणूस कळल्याशिवाय ब्राउझर सांगता येणार नाही.

तुझा भिंगरी

२४ मार्च

चि. भिंगरीस,

मेमरी दोन जीबी आहे. दोन म्हणजे किती ते मला कळत नाही, पण झेरॉक्सवाला "अरेरे" म्हणाला त्यावरून अंदाज आला.

तू मला ब्राउझर म्हणालास हे मी दिवसभर मनात घोळवलं. एका गोष्टीत तुझं चुकलं. कोण काय वाचतं ते मीही वहीत टिपते, आणि वही जाळत नाही. पण ती कोणाला दाखवतही नाही. तेव्हा विचारायचा प्रश्न वही आहे का हा नाही, ती कोणाच्या हातात जाते हा. तुझ्या साहेबांना विचार.

आता माणसं. निवृत्त कंपाउंडर, रोज चार वाजता. घड्याळ लावून घ्यावं असे येतात. डोळे अधू, बातम्या वाचायच्या असतात. पण पान असं हलतं, फिरतं, मधेच उड्या मारतं की त्यांना घेरी येते. दुसरी, कोपऱ्यावरची शिंपीण. गळ्याचे नमुने बघते, चित्रं लागतात. तिसऱ्या, परीक्षा देणाऱ्या दोघी मैत्रिणी. फॉर्म भरायचे, निकाल बघायचे, पासवर्ड टाकायचे. आणि चौथी मी, मला फक्त तुझी ईमेल वाचायची असते, जी तू वर्षातून दोनदा लिहितोस.

एक शंका. शंभरातले नव्वद एकच वापरतात, मग उरलेले कशाला जिवंत आहेत? कोणी सांभाळलेत ते? आपल्याकडे चार हजारांवर पुस्तकं आहेत आणि लोक तीच चाळीस मागतात. बाकीची मी का पुसत बसते, याचं उत्तर मला येतं. ब्राउझरचं येत नाही.

तुमच्या ऑफिसातली खुर्ची फिरते का रे? इथे झेरॉक्सवाल्याने फिरणारी आणली आहे आणि फार मिजास करतो.

हात साबणाने नीट धूत जा. नखांतलं निघेपर्यंत.

मावशी

६ एप्रिल

मावशी, नमस्कार.

खुर्ची फिरते. गोल फिरते.

याबरोबर पेनड्राइव्ह पाठवलाय, कापसात गुंडाळून. त्यात जुन्या यंत्रांसाठीची एक हलकी सिस्टिम आहे, फुकट मिळते, रीतसर. आधी जुन्या कॉम्प्युटरमधलं जे काही ठेवायचं असेल ते झेरॉक्सवाल्याकडून दुसरीकडे उतरवून घे. ते विसरू नकोस, कारण नंतर सगळं पुसलं जाईल आणि मग मला शिव्या देऊन उपयोग नाही. मग वेगळ्या कागदावर लिहिलंय तसं करत जा. मी आपल्यासारख्याच दोन जीबीवाल्या यंत्रावर चारदा करून बघितलं. तिसऱ्यांदा बिघडलं, म्हणून चौथ्यांदा केलं. तिसऱ्या वेळचं बिघडणं पण लिहिलंय, तुझ्याकडे झालं तर घाबरू नकोस.

त्यात पाच ब्राउझर घातलेत. माणसं बघून घातलेत.

फायरफॉक्स सगळ्यांचा. याला सुधारणा येत राहतात, म्हणून पासवर्ड टाकायचा तर यातच. त्या दोघी मैत्रिणींना सांगून ठेव. कंपाउंडरकाकांसाठी पण हाच. वरच्या पट्टीत कागदासारखं चिन्ह येतं, ते दाबलं की पानावरचं हलणारं-फिरणारं सगळं पळून जातं, नुसता मजकूर राहतो, अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं. काकांना घेरी येणार नाही. एकच, एका वेळी दोन-तीनच पानं उघडायची. पंगत बसवायची नाही, यंत्राला दम लागतो.

क्रोमियम, हा क्रोमचा भाऊ, आतला घोडा तोच. एखादा फॉर्म कोल्ह्यात अडून बसला तर तेवढ्यापुरता काढायचा. फाल्कन शिंपिणीला, चित्रं दाखवतो आणि अंगाने जरा हलका. याला सुधारणा फार येत नाहीत, म्हणून यात नुसतं बघायचं, पासवर्ड नाही. नेटसर्फ तर एवढासा, याचं इंजिन याचंच, कोणाकडून उसनं नाही. साधी पानं झटक्यात उघडतो, जड पानांपुढे हात टेकतो.

आणि पाचवा लिंक्स. मावशी, याच्याबद्दल लिहायला हात कधीचा शिवशिवतोय. याला चित्रच दिसत नाही! रंग नाही, फोटो नाही, काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं. उंदीर नाही, बाणांच्या कळांनी चालवायचा. तुझ्या-माझ्या कॉम्प्युटरच्याही आधीचा, तीस वर्षांहून जुना, आणि अजून त्याला कोणी ना कोणी नीट ठेवतंय. साहेब म्हणाले, ज्यांना दिसत नाही अशी माणसं पण हा वापरतात, कारण अक्षरं वाचून दाखवणारी यंत्रं याच्याशी पटकन जुळवून घेतात. मी एक मोठं पान क्रोमियममध्ये उघडलं, सव्वीस मोजेपर्यंत आलं. तेच लिंक्समध्ये उघडलं, "एक" म्हणायला तोंड उघडलं तोवर आलं.

तुझ्या शंकेचं उत्तर मला येत नाही. पण ते पान आलं तेव्हा मी मोठ्याने हसलो आणि शेजारचा म्हणाला, "काय रे, लॉटरी?" कदाचित असं कोणीतरी हसावं म्हणून सांभाळत असतील.

भिंगरी

२० एप्रिल

चि. भिंगरीस,

झालं! तुझ्या तिसऱ्या वेळेसारखंच बिघडलं, तुझा कागद वाचला आणि पुढे सरकलं. झेरॉक्सवाला बघायला आला होता, म्हणाला, "मावशी, तुम्ही हे केलंत?" मी म्हटलं, "नाही, यक्षिणी येऊन कांडी फिरवून गेल्या."

कंपाउंडर पहिल्या दिवशी पूर्ण पाऊण तास वाचत बसले. उठताना म्हणाले, "बाई, आज बातम्या एका जागी उभ्या होत्या."

मी पाचही ब्राउझर रीतसर दाखल करून घेतले. वाचनालयात आलेली वस्तू नोंदवहीत चढवल्याशिवाय वाचकाला द्यायची नाही, असा नियम आहे. दाखल क्रमांक ४११२ फायरफॉक्स, ४११३ क्रोमियम, ४११४ फाल्कन, ४११५ नेटसर्फ, ४११६ लिंक्स. "कसे मिळाले" या रकान्यात "देणगी", देणगीदार तू. प्रत्येकाचं देवघेव कार्डही केलं. वाचक आला की विचारते, "आज काय बघायचंय?" आणि त्याप्रमाणे कार्ड देते. शिंपिणीने परवा लिंक्स मागितला, नुसतं बघायला. दहा मिनिटं काळ्या पडद्याकडे बघत होती. म्हणाली, "मावशी, हे म्हणजे कपड्याचा नुसता धागा." मग म्हणाली, "पण धागा चांगला आहे."

सोमवारपासून चिटणीस वार्षिक पुस्तक-मोजणी करणार आहेत. करू देत. माझं शेल्फ आरशासारखं आहे.

मावशी

२८ एप्रिल

भिंगरी,

तुझं उत्तर यायच्या आत हे लिहिते, कारण वेळ नाही.

मोजणीत पाच पुस्तकं गहाळ निघाली. ४११२ ते ४११६. हसू नकोस. मीही आधी हसलेच. चिटणीस हसले नाहीत. नोंदवहीत बोट ठेवून म्हणाले, "फायरफॉक्स. लेखकाचा रकाना कोरा. पृष्ठसंख्या कोरी. शेल्फवर नाही. बाई, पुस्तक कुठे आहे?"

"कॉम्प्युटरात आहे."

"कॉम्प्युटर तर निर्लेखनाच्या यादीत आहे. यादीतल्या वस्तूत तुम्ही नवी दाखल-नोंद केलीत?"

बघ, माझीच नोंद माझ्याच गळ्यात आली. एकवीस वर्षांत माझ्या नावावर एक चोपडंसुद्धा गहाळ नव्हतं, आता पाच. मी त्यांना म्हटलं, कॉम्प्युटर चालतो, तुम्ही बसून बघा. ते म्हणाले, "मला त्यातलं कळत नाही, तुम्हालाही कळत नाही. देणगीदार कोण? जाणकार आहे का?" माझ्या तोंडून निघून गेलं, "माझा भाचा, कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे." ते म्हणाले, "मग कंपनीच्या लेटरहेडवर त्यांचं मत मागवा. यंत्र वापरण्याजोगं आहे की भंगार, एवढंच. दहा तारखेच्या सभेत वाचू. नाही आलं तर यंत्र भंगारात, आणि गहाळ पुस्तकांचं काय करायचं तेही सभाच ठरवेल."

तर लेटरहेड पाठव. आणि जे लिहिशील ते खरं लिही. मला एवढंच हवंय.

मावशी

३ मे

मावशी,

कागद बघितलास ना? हेच आमचं लेटरहेड. वर कंपनीचं नाव, आणि खाली बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाच. "जुनी विद्युत यंत्रे तोडणे व सुटे भाग वेगळे करणे." मी भंगारात काम करतो.

माझी खुर्ची फिरत नाही. मला खुर्चीच नाही, उलटा घातलेला क्रेट आहे. मोठी लांब पत्र्याची शेड आहे, दोन्ही बाजूंना टेबलं. ट्रक येतो, यंत्रं उतरतात. माझं काम असं, यंत्र जोडायचं, दहा मिनिटांत जिवंत आहे का बघायचं, मग आतलं सगळं पुसायचं, कोणाचं काही बघायचं नाही, आणि मग स्क्रू काढायचे. हिरव्या पट्ट्या एका क्रेटमध्ये, वायरी दुसऱ्यात, पत्रा तिसऱ्यात. "टेस्टिंग" ती पहिली दहा मिनिटं. तेवढं खरं होतं. "साहेब" म्हणजे आमचे मुकादम. जे यंत्र चांगलं निघतं त्याच्यात ते हलकी सिस्टिम घालून बाजूला ठेवायला लावतात आणि कुठल्या कुठल्या शाळांना धाडतात. तुझ्यासाठी जे चारदा करून बघितलं ते त्यातल्याच एकावर, जेवणाच्या सुट्टीत, त्यांना विचारून.

खोटं का बोललो? निघालो तेव्हा तू वाचनालयात सगळ्यांना सांगितलंस, पोरगा कॉम्प्युटरमध्ये गेला. सातवी नापास पोरगा. तुझा चेहरा आठवायचा आणि पेन पुढे जायचं नाही.

काल मुकादमांकडे लेटरहेडचा कागद मागितला. ते म्हणाले, "कशाला?" सगळं सांगितलं. म्हणाले, "खरं लिहिणार असशील तर घे. नसशील तर तुझे ते मागच्या बाजूचे चिठोरे बरे." म्हणून खरं लिहितोय. आता खाली आहे ते चिटणीससाहेबांना.

साहेब, नमस्कार. मी जाणकार नाही. मी मोडणारा आहे. अकरा महिने झाले, रोज वीस-पंचवीस यंत्रं मोडतो. याआधी पाच नोकऱ्या धरल्या आणि सोडल्या, एकीतही तीन महिने टिकलो नाही. इथे टिकलो ते त्या दहा मिनिटांमुळे. प्रत्येक यंत्र उघडताना वाटतं, यात काय असेल. लोकांना वाटतं यंत्र मेलं म्हणून आमच्याकडे येतं. तसं नाही. दहातली चार चालू असतात. त्यांच्यासमोरचा माणूस उठून गेलेला असतो, एवढंच. आमच्या मुकादमांचा एक नियम आहे, ज्याच्यासमोर अजून कोणी बसतं त्याला स्क्रू-ड्रायव्हर लावायचा नाही.

तुमचं यंत्र जुनं आहे. फार वर्षं चालणार नाही, खोटं कशाला सांगू. व्हिडिओ बघायला गेलात तर रडेल. पण फॉर्म भरेल, निकाल दाखवेल, बातम्या वाचून होतील. ते आज आमच्या टेबलावर आलं असतं तर मी ते मोडलं नसतं, बाजूला ठेवलं असतं. आणि पाच पुस्तकं गहाळ नाहीत. माझ्या मावशीने ती नको त्या वहीत नीट लिहिली, एवढीच तिची चूक. मी शाळा सोडली तेव्हा ज्या खुर्चीने मला धरून ठेवलं ती तुमच्या मागच्या खोलीत आहे. यापेक्षा जास्त मला लिहिता येत नाही.

मावशी, हे वाचून तुला सभेत खाली बघायला लागलं तर मला माफ कर. वाचायचं नसेल तर नको वाचूस.

भिंगरी

१० मे, संध्याकाळ, ईमेल

भिंगरी,

हे मी दाखल क्रमांक ४११२ मध्ये टाइप करतेय. एका बोटाने. पाऊण तास झाला, म्हणून चुका मोजू नकोस.

तुझं पत्र मी चिटणिसांच्या हातात दिलं. त्यांनी सगळ्यांसमोर लेटरहेडपासून मोठ्याने वाचलं. "तोडणे" आलं तसा खजिनदार हसला. "म्हणजे आपला जाणकार भंगारवाला?" मी उभी राहिले. म्हटलं, "हो. भंगार कशाला म्हणायचं हे भंगारवाल्यापेक्षा जास्त कोणाला कळतं? तुम्हाला?" मग कोणी हसलं नाही. पुढचं चिटणिसांनी हळू वाचलं. संपल्यावर चष्मा पुसला आणि म्हणाले, "चला, दाखवा."

सगळी सभा मागच्या खोलीत आली. मी चिटणिसांना विचारलं, "काय बघायचंय?" ते म्हणाले, "निर्लेखनाचे नियम." बघ माणूस. मी त्यांना लिंक्सचं कार्ड दिलं, सही घेतली, खुर्चीत बसवलं. नियमांचं पान आलं, नुसती अक्षरं, डोळा लवायच्या आत. ते वाचायला लागले आणि रमले रे. बाणाने खाली, बाणाने वर. "जी वस्तू वापरात नाही व वापरण्याजोगी नाही", तिथे थांबले. पुन्हा वाचलं.

तेवढ्यात चार वाजले. कंपाउंडर आले. त्यांना ना सभा माहीत, ना चिटणीस. गर्दीतून वाट काढत थेट खुर्चीपाशी गेले आणि म्हणाले, "उठा. माझी वेळ झाली."

चिटणीस उठले.

कंपाउंडर बसले, कोल्हा उघडला, अक्षर मोठं केलं आणि वाचायला लागले. आम्ही अकरा माणसं त्यांच्या पाठीमागे उभी. चिटणिसांनी खिशातून यादी काढली, एक ओळ खोडली. मग नोंदवही मागितली आणि पाचही ठिकाणी "गहाळ" खोडून स्वतःच्या अक्षरात लिहिलं, "वापरात." पुढच्या मोजणीपर्यंत, असं म्हणाले. वर्षाची दुपार मिळाली मला. पुढचं पुढे.

आता तुझं. गेल्या वर्षी तू पाठवलेल्या पहिल्या चिठ्ठीच्या मागे छापलं होतं, "तांबे, वायर, किलो. बोर्ड, किलो." दुसरीच्या मागेही तेच. तिकडे बघू नकोस म्हणून सांगतोस कोणाला? वाचनालयातली बाई आहे मी, कागदाच्या दोन्ही बाजू वाचते. मला तेव्हापासून माहीत आहे. म्हणूनच तर तुला विचारलं. कुठलं यंत्र अजून तगतं हे विकणाऱ्याला विचारून काय उपयोग? पण खुर्ची गोल फिरते लिहिलंस तेव्हा मात्र मी खूप हसले.

आणि खाली वगैरे बघितलं नाही मी. सभेत चिटणीस तुझं पत्र वाचत होते तेव्हा मी सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होते, एकेकाच्या.

मावशी

१२ मे

मावशी, नमस्कार.

फोन गेटवरच्या पेटीत ठेवावा लागतो, म्हणून तुझी ईमेल टेबलावरच्या यंत्रावर उघडली. कालच्या ट्रकमधून आलेलं, आपल्यासारखंच, दोन जीबीचं. पुसून झालं होतं, मुकादमांना विचारून कोल्हा घातला आणि तुझं पान काढलं. वर कागदाचं चिन्ह आलं, ते दाबलं, अक्षर मोठं केलं. कंपाउंडरकाकांसारखं.

"उठा, माझी वेळ झाली" इथे आलो आणि इतक्या जोरात हसलो की अख्खी शेड थांबली. मुकादम आले, मागे उभे राहून सगळं वाचलं. खाली वाकून यंत्राचा पंखा ऐकला. त्याचा पंखा खरखरतो, डिस्क पण शेवटच्या घटका मोजतेय, हे काही शाळेत जाणार नाही. म्हणाले, "वाचून झालं की पुसून मोड."

मावशी, हे पत्र मी बसून लिहितोय. क्रेट सुलट्याचा उलटा आणि उलट्याचा सुलटा करून पाहिला, फिरत नाही. पण अकरा महिन्यांत मला आज पहिल्यांदा उठावंसं वाटलं नाही.

मुकादम दोनदा येऊन गेले. दोन्ही वेळा सांगितलं, अजून वाचतोय.

भिंगरी